ते वाण माझ्या घरचं होतं

यशोताई,

तुमच्या शोकसभेत मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती, म्हणजे आपल्या मराठी मंडळाच्या मानानं बरीच. टेबलावर तुमचा फोटो ठेवला होता. त्यात तुम्ही कुणावर तरी रागावण्याच्या बेतात आहात असं वाटत होतं, आणि ते कुणी म्हणजे मीच असणार असंही वाटत होतं.

अध्यक्ष आता तरुण आहेत, पन्नाशीच्या आतले. मराठी बोलता बोलता हिंदीत जातात, पण माणूस मनानं चांगला. तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. उन्हातान्हात पायी फिरून बायकांना कुटुंबनियोजन समजावणारी आपल्या समाजातली पहिली नर्स, असं म्हणाले. मग थोडं हसून म्हणाले, "वो वाण वाला किस्सा तो सबको पता है. त्यांच्याकडून तेव्हा एक चूक झाली. पण समाज मोठ्या मनानं ती विसरला. चलो, आज आपण त्यांचं चांगलंच आठवू या."

पहिल्या रांगेत तुमची भाची प्रज्ञा बसली होती. तिची मान ताठ होती. मला तिची फक्त पाठ दिसत होती.

मी उठलो नाही, यशोताई. खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला, अंग थोडं पुढे झुकवलं, आणि तसाच बसून राहिलो. मग दोन मिनिटं शांतता झाली. त्या शांततेत मी इतर सगळ्यांसारखाच गप्प होतो, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

म्हणून आधी तेवढं लिहून टाकतो. नाहीतर तुमच्या आठवणी सांगत बसेन आणि पुन्हा त्यांच्याआड लपेन.

तुमच्याकडून चूक झाली नव्हती. ते वाण माझ्या घरचं होतं. ती कल्पना माझ्या बायकोची, विमलची. बटवे तिनं शिवले. त्यातला एक चुकीच्या हातात गेला तो माझ्या हातून. आणि तुमच्याविरुद्धची तक्रार मी लिहिली, मंडळाचा सेक्रेटरी म्हणून, ती खोटी आहे हे पूर्ण ठाऊक असताना.

आता बाकीचं.

तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात तेव्हा आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दर बुधवारी दुपारी तुम्ही आमच्या गल्लीत यायचात. शेजारच्या हिंदी बायका "सिस्टर जी आ गईं" म्हणून एकमेकींना हाका मारायच्या. विमलला तेव्हा दोन मुलं होती, आणि तीन वेळा अर्ध्यावरच गर्भ पडला होता. तिसऱ्या वेळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, आता पुन्हा नको, बाई हाताला लागणार नाही. मी मान डोलावली होती आणि घरी येऊन विसरलो होतो. म्हणजे विसरलो नव्हतो. ते लक्षात ठेवणं माझं काम आहे असं मला वाटलंच नव्हतं.

एका बुधवारी मी सुट्टीवर होतो. तुम्ही आत स्वयंपाकघरात न जाता सरळ बाहेरच्या खोलीत येऊन माझ्यासमोर बसलात.

"भाऊ, तुमच्याशी बोलाचं आहे."

"विमलशी बोला. ते बायकांचं."

"मूल दोघांचं होते, आन् बोलणं एकटीचं काहून?"

मी पेपर वर धरला. तुम्ही दोन बोटांनी तो खाली ओढलात. माझ्या उभ्या आयुष्यात कुणी परक्या बाईनं माझ्या हातातला पेपर खाली ओढला नव्हता. मी म्हणालो, पुरुषानं ते ऑपरेशन केलं की अंगातली ताकद जाते, आणि फॅक्टरीत ताकदीचं काम असतं.

"तुमी तर हापिसात खुर्चीवर बसता ना? त्याले किती ताकद लागते?"

आत विमल हसली. तिचं ते हसणं मला फार लागलं. पुढे जे झालं त्यात त्या हसण्याचाही वाटा होता, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतो आहे.

तुम्ही मला निरोधची पाकिटं दाखवलीत, तांबी म्हणजे काय ते सांगितलंत, आणि जाताना म्हणालात, "मी काही बसवून जाणार नाही. विमलले विचारा. ती म्हणन ते." मी विमलला विचारलं नाही. विमलनं मात्र तुम्हाला सांगून ठेवलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात तिनं तुमच्याकडून तांबी बसवून घेतली. मला ते किती तरी वर्षांनी कळलं.

तुमची गंमत अशी होती, ताई, की तुमच्यावर दोन्ही बाजू नाराज. आपल्या मंडळातले पुरुष म्हणायचे, ही मुलं बंद करायला निघाली आहे, स्वतःला नवरा नाही, मूल नाही, हिला काय कळतं. आणि तुमचे साहेब म्हणायचे, ही पुरेशी बंद करत नाही. नसबंदीच्या शिबिराच्या वेळी बाकीच्या नर्सा बायकांनी जीप भरून नेत, आणि तुम्ही चार बायका घेऊन पायी जायचात. कारण बाकीच्या नाही म्हणालेल्या असायच्या, आणि तुमच्या लेखी नाही म्हणजे नाहीच. एका बाईला चार मुलींनंतरही पाचवं मूल हवं होतं. सगळे तिच्या मागे लागले होते, तुम्ही मात्र तिच्या बाजूनं साहेबांशी भांडलात. त्यावरून मी तुम्हाला डिवचलं होतं.

"वा यशोताई, सरकार तुम्हाला मुलं कमी करायला ठेवतं आणि तुम्ही पाचव्याची बाजू घेता?"

"मी मुलं कमी कराले नाही आली, भाऊ. मी बाईले विचाराले आली."

आपला हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचो, सगळ्यांना विचारत बसलं तर देश चालायचा नाही. तुम्ही म्हणायचात, घरात एकीले विचारून पाहा, मंग देशाचं बोला.

त्या वर्षीचं संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे ठरलं. विमलनं तुम्हालाही बोलावलं. मंडळातल्या दोघी-तिघींनी कुरकुर केली. तुम्ही बौद्ध, त्यात लग्न न झालेल्या, तुम्हाला कशाला हळदीकुंकू. विमल म्हणाली, "मग चहाले बोलावते. चहा तं चालते ना?" तुम्हीही तेच म्हणालात, "मले कुंकू नको विमल, मी मानत नाही. चहा दे, आन् मोठा कप दे."

त्याच्या आधी आठवडाभर तुम्ही दोघी आमच्या मागच्या अंगणात बसून बोलत होतात, आणि मी दाढी करता करता ऐकत होतो.

"दरसाल कंगवे आन् चाळण्या वाटून राहिलो आपण," विमल म्हणाली. "वाण म्हणजे कामाची वस्तू पाह्यजे. मी निरोध वाटते, दीदी. छोटे छोटे बटवे शिवते, कोणाले दिसणार नाही."

"पागल झाली का तू?"

"काहून? तुमीच म्हणता ना, घरोघर पोचलं पाह्यजे. हळदीकुंकवाले सासू बी अडवत नाही आन् नवरा बी येत नाही. दुसरीकडे कुठं भेटतात साऱ्या जणी?"

तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "नाही. न विचारता कोणाच्या हातात काही द्याचं नाही. मंग त्या शिबिरवाल्यांत आन् आपल्यात काय फरक राहिला?"

तुमचा विरोध होता, यशोताई. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. विमल हट्टाला पेटली तेव्हा तुम्ही एक अट घातलीत. एकेकीला स्वयंपाकघरात न्यायचं, बटव्यात काय आहे ते सांगायचं, ते कशासाठी, कसं, सगळं सांगायचं, आणि हवं म्हणेल तिलाच द्यायचं. नको म्हणेल तिला कंगवा. त्यासाठी दोन ताटं केली होती. एकात बटव्यांत कंगवे, दुसऱ्यात बटव्यांत निरोध. कापड एकच होतं. विमलनं निरोधच्या बटव्यांना लाल दोरा घातला होता आणि कंगव्यांच्या बटव्यांना पिवळा.

त्या संध्याकाळी मी फॅक्टरीतून आलो तेव्हा बायका निघायला लागल्या होत्या. घरात हसणं इतकं होतं की मला दाराशीच अवघडल्यासारखं झालं. स्वयंपाकघरातून जी बाहेर येई ती तोंडाला पदर लावून येई. मालतीबाई, आमच्या शेजारच्या, त्या तर हसता हसता दाराच्या चौकटीला टेकल्या होत्या. तेवढ्यात तेव्हाच्या अध्यक्षांच्या आई उशिरानं आल्या. सत्तरी गाठलेल्या, पण सवाष्ण. आत गर्दी म्हणून त्या बाहेरच्या खोलीतच टेकल्या. विमलनं घाईघाईनं त्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि कुणाच्या तरी हाकेला ओ देऊन आत गेली. म्हातारी उठली. "चाल बाई, देवाची आरती राहिली आहे," स्वतःशीच म्हणाली. वाण न घेता निघालेली पाहून मला वाटलं, अध्यक्षांची आई रिकाम्या हातानं गेली तर बोलणं होईल. हळदीकुंकवाला पुरुष वाण देत नाहीत, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही. आतल्या गर्दीमुळे एक ताट बाहेर माझ्याजवळच ठेवलेलं होतं, त्यातला एक बटवा उचलला आणि त्यांच्या ओंजळीत ठेवला.

दोऱ्याचा रंग मी पाहिला नाही. बाहेरचं ताट कंगव्यांचंच असणार असं मी धरून चाललो; दोऱ्याला काही अर्थ आहे हेच मला माहीत नव्हतं.

मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात तुम्ही उभ्या होतात. तुम्ही पाहिलं होतंत. तुम्ही पुढे आलातही, पण तोवर त्या पायऱ्या उतरून गेल्या होत्या. तुम्ही मला म्हणालात, "भाऊ, त्यांले कोणता दिला?" मी म्हणालो, "हाच, या ताटातला." तुम्ही कपाळाला हात लावलात. मग विमल आणि तुम्ही दोघी हसत सुटलात. आम्हाला तिघांनाही वाटलं, म्हातारी बटवा उघडून बघेल, लाजेल आणि फेकून देईल.

आपण एक गोष्ट विसरलो होतो. वाण आधी देवापुढे ठेवतात.

त्या माउलीनं बटवा न उघडता देवघरात ठेवला. सकाळी अध्यक्ष पूजेला बसले. आईनं काय ठेवलंय म्हणून त्यांनी दोरा सोडला.

संध्याकाळी मंडळाची तातडीची सभा. पंधरा-सोळा पुरुष, बाई एकही नाही. टेबलाच्या मधोमध तो बटवा ठेवलेला. खरं सांगतो, अध्यक्षांचं दुःख खोटं नव्हतं. म्हणाले, "सेक्रेटरी, हे तुमच्या घरून आलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं, याचा मी चाळीस वर्षं विचार केला आहे. फार काही झालं नसतं. सेक्रेटरीपद गेलं असतं. विमलच्या नावानं चार दिवस कुजबुज झाली असती. मुलीचं लग्न व्हायला अजून दहा-बारा वर्षं होती. पण तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं, की सगळे मला बायकोच्या ताब्यातला माणूस समजतील.

"ते त्या नर्सबाईंनी आणलं," मी म्हणालो. "आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं."

तुमच्या खात्याकडे तक्रार करायचा ठराव झाला. लिहायचं काम माझं. मी लिहिलं, की सदर परिचारिकेनं आमच्या स्त्रियांच्या अज्ञानाचा गैरफायदा घेऊन फसवणुकीनं हा प्रकार केला. एवढं लिहायला मला सांगितलं होतं. पण मी तिथं थांबलो नाही, यशोताई. पुढचं वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं स्वतःचं आहे. मी लिहिलं, "सदर परिचारिका आमच्या धर्मपरंपरा मानत नसल्याने त्यांनी हा प्रकार हेतुपुरस्सर केल्याचे दिसते." माझ्या घरी चहाच्या कपावर विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी तुमच्याविरुद्ध कागदावर घातली. त्या वाक्यानं काय होईल ते मला नीट कळत होतं. कळत होतं म्हणूनच घातलं. सभेत वाचून दाखवलं तेव्हा माना डोलल्या. "बढ़िया लिखा है," कुणीतरी म्हणालं, आणि मला बरं वाटलं.

हे वाक्य मी विमललाही कधी सांगितलं नाही.

चौकशी झाली. चौकशीत तुम्ही म्हणालात, माझ्याकडून झालं. एवढंच. विमल खरं सांगायला तुमच्या कार्यालयात निघाली होती. तुम्ही तिला वाटेतच परत फिरवलंत. काय बोललात ते तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, एकदाच, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता. "दीदी म्हणाल्या, माझी तं बदली होईल विमल. तुझी कुठं होणार? तुले याच माणसासोबत राहाचं आहे." विमलनं उत्तराची वाट पाहिली नाही. चाळणी उचलून आत गेली.

तुमची बदली शहराबाहेर पनागरला झाली. बढती थांबली. रोज बसनं जाऊन-येऊन तुम्ही तिथं किती वर्षं काढलीत. आमच्या गल्लीतले बुधवार बंद झाले. तुमच्या जागी आलेल्या बाई दारातूनच विचारायच्या, "कुछ चाहिए क्या?" आणि उत्तर यायच्या आत पुढच्या दारी गेलेल्या असायच्या. क्वार्टरांच्या मागच्या ओळीतली एक सून तिसऱ्या बाळंतपणात गेली. त्याला मी कारण आहे असं म्हणत नाही. पण ती हळदीकुंकवाला आली होती, तिनं बटवा घेतला होता, आणि नंतर विचारायला तिच्यापाशी कुणी उरलं नव्हतं, हे मला माहीत आहे.

त्याच सुमारास विमलला पनागरच्या मटाराचं वेड लागलं. "पनागरचे मटार गोड असतात," म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी सकाळच्या बसनं जायची आणि दुपारी पिशवी भरून मटार घेऊन यायची. मी सोलायला बसायचो. मटार खरंच गोड असायचे. उन्हाळ्यात मटार नसतात तेव्हा भोपळा आणायची. मी एकदाही विचारलं नाही, की भोपळ्यासाठी पनागरला कशाला जायचं. ती तुमच्याकडे यायची. तुम्ही तिला तपासायचात, मुदत भरली की तांबी बदलायचात, डबा उघडून तिच्यासोबत जेवायचात. तिच्या आयुष्यातली ती एकच जागा असेल जिथं ती माझी बायको म्हणून जात नव्हती. हे कळलं तेव्हा मला राग येईल असं वाटलं होतं. पण राग आला नाही. कारण हिशेब साधा होता. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा नको. आणि पुन्हा कधी झालं नाही. विमल त्यानंतर तीस वर्षं जगली. दोन्ही मुलांची लग्नं पाहिली, विजय नगरच्या नव्या घरात गुलाब लावले, नातवाला शाळेत सोडून आली. ज्या बाईचं नाव मी मातीत घातलं, तिनं माझं घर उभं ठेवलं.

विमल गेली तेव्हा ग्वारीघाटावर अस्थी घेऊन गेलो होतो. फुलं विकणाऱ्या बायकांच्या रांगेपाशी तुम्ही उभ्या होतात, पांढऱ्या साडीत. विधींच्या जवळ आला नाहीत. आम्ही परत वर आलो तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "भाऊ, काही खाल्लं का?" एवढं एकच वाक्य. त्यानंतर तुम्ही महिन्यातून एकदा घरी यायला लागलात, माझं बीपी मोजायला. मला वाटायचं हे विमलसाठी. असेलही. पण बीपी मोजून झाल्यावर तुम्ही तासभर भांडायचात. माझ्या मुलाला, तुझ्या बायकोला नोकरी करायची आहे का ते विचार म्हणायचात, मला चहात साखर नको म्हणायचात, मी गॅसवर भांडं ठेवलं तर स्वतःच्या घरासारखं झाकण शोधायचात. बहीण असती तर तिनं अजून काय वेगळं केलं असतं?

एकदा मी धीर केला. पट्टा हाताला बांधलेला होता. मी म्हणालो, "यशोताई, ते वाणाचं..."

"हात सैल सोडा भाऊ. आकडा चुकीचा येते."

मी हात सैल सोडला. आकडा पाहून झाल्यावर तुम्ही पट्टा गुंडाळत म्हणालात, "मले सांगून काय उपयोग? मले माहीतच आहे. ज्यायले माहीत नाही त्यायले सांगा."

तुम्ही मला माफ केलं आहे असा अर्थ मी काढला. सोयीचा होता म्हणून काढला. तुम्ही माफीबद्दल एक अक्षर बोलला नव्हतात. तुम्ही काम सांगितलं होतंत.

शेवटच्या आजारपणात मी दवाखान्यात आलो. तुमचा हात गादीवर इतका हलका पडला होता की तो उचलून बघायची मला भीती वाटली. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात मंडळाची सभा आहे. तेव्हा सांगतो. नक्की." तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत.

"सभा दर महिन्याले असते, भाऊ."

ते आपलं शेवटचं बोलणं. सभेआधी तुम्ही गेलात, आणि सभा झाली ती तुमच्या शोकाची.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी मालतीबाईंना फोन केला. त्या हळदीकुंकवाला आलेल्यांपैकी आता त्या आणि आणखी एक-दोघी उरल्या आहेत. मला त्यांची परवानगी हवी होती, की बायकांना विचारूनच वाण दिलं होतं असं लिहिलं तर चालेल का. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, आम्हाला साऱ्यांनाच माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"काय म्हणजे? विमलनं दिले, दीदींनी समजावलं, आन् त्या म्हातारीले तुमी दिला. अध्यक्षांच्या आईनंच आमाले सांगितलं होतं, सेक्रेटरीनं माझ्या हातात ठेवलं म्हणून. तिनं मुलाले नाही सांगितलं. आमी कोणी नवऱ्याले नाही सांगितलं."

"मग कुणी बोललं का नाही?"

"तुमी काहून नाही बोलले?" त्या म्हणाल्या. मग आवाज बदलून म्हणाल्या, "लिहा. माझं नाव घालून लिहा. मी दोन बटवे घेतले होते."

म्हणजे ती थाप फक्त पुरुषांमध्येच चालली, ताई. बायकांना एक दिवसही ती खरी वाटली नव्हती. आणि तरी तुम्ही मंडळाच्या हॉलमध्ये पुन्हा कधी पाऊल टाकलं नाहीत, आणि इतक्या वर्षांत तुम्हाला बोलवायला कुणी आलं नाही. मीही नाही.

काल रविवार होता. अध्यक्षांना आधी सांगून मी हॉलवर गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, म्हणाले, "काका, अब जाने दीजिए ना. दीदी तर गेल्या. तुमचंच नाव खराब होईल." मी म्हणालो, ठरावांची जुनी वही काढा. कपाटातून ती निघाली. महिन्याच्या सभेला पंचवीसेक माणसं होती, मालतीबाई नातीचा हात धरून आल्या होत्या, आणि प्रज्ञाला मी स्वतः फोन करून बोलावलं होतं. मी उभा राहिलो आणि वरचं सगळं सांगितलं. ते वाक्यही सांगितलं, परंपरांचं. ते मी पाणी पिऊन पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, कारण मागच्या लोकांना ऐकू गेलं नव्हतं.

मग त्या ठरावाखाली लिहिलं, "वरील ठराव खोट्या माहितीवर झाला. खोटी माहिती देणारा मी." सही केली. मालतीबाई म्हणाल्या, "साक्षीदार पाह्यजे का?" आणि त्यांनीही सही केली. अध्यक्ष उभेच होते. त्यांनी स्वतःचं पेन मालतीबाईंना दिलं होतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी ओरडलंही नाही. चहा आला. कपांचे आवाज सुरू झाले.

जिन्यावर प्रज्ञा मला भेटली. तिच्या चेहऱ्यात तुम्ही आहात, विशेषतः विचारायच्या आधी थांबते तेव्हा. ती म्हणाली, "काका, हे आत्या असताना का नाही?"

मी काय सांगणार होतो? भीती म्हणालो असतो तर ते अर्धंच खरं होतं. खरं असं आहे, की तुम्ही येत होतात. दर महिन्याला येत होतात, बीपी मोजत होतात, भांडत होतात, चहा पीत होतात. बोललो असतो तर कदाचित आला नसतात. ते नको म्हणून मी गप्प राहिलो. तुमच्यावर केलेला अन्याय मी तुमच्याच सोबतीसाठी लांबवत गेलो. हे मी तिला सांगू शकलो नाही. तुम्हाला सांगतो आहे.

"उत्तर नाही माझ्यापाशी, बेटा," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. माझा तोल जिन्यावर जातो हे तिला माहीत आहे. मागे एकदा तुम्ही दोघींनी मला हाताला धरून उतरवलं होतंत. काल ती दोन पायऱ्या पुढे गेली, थांबली, वळून एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग एकटीच खाली उतरली. मला ते बरोबरच वाटलं. मी कठडा धरला आणि एकेक पायरी मोजत उतरलो.